जुन्या पोस्टकार्डाचा भाव

कळमन्याच्या बाजार समितीत अडत चालवणाऱ्या अनेक घराण्यांची जुनी घरं आणि पेढ्या नागपूर शहरात आहेत. अशी एखादी पेढी रिकामी करायला काढली की लाकडी कपाटाच्या तळाशी, खतावण्यांच्या मागे, तारेत ओवलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा हमखास निघतो. कुणी तूर पाठवल्याचं कळवलेलं असतं, कुणी चुकारा मागितलेला असतो, तर कुणी लग्नाची तारीख लिहिलेली असते. मग घरातलं कुणीतरी विचारतंच, "याचे काही येतीन का?"

रद्दीवाला तो गठ्ठा किलोवर घ्यायला तयार असतो. इंटरनेटवर मात्र तसंच दिसणारं एखादं कार्ड काही हजार रुपयांना 'विक्रीस' असतं. दोन्ही आकडे फसवे आहेत. खरा भाव या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो गठ्ठ्यातल्या प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो. तो कसा काढायचा, याचं हे प्रकरण.

१. जुनं म्हणजे महाग, हा पहिला गैरसमज

जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड 1 ऑक्टोबर 1869 रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत विक्रीला आलं. एमान्युएल हेर्मान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने त्याआधी काही महिने वर्तमानपत्रात लेख लिहून ही कल्पना मांडली होती. चार ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट आणि पूर्ण टपालखर्च कशाला, असा त्याचा साधा प्रश्न होता. भारतात हे कार्ड 1 जुलै 1879 रोजी आलं. किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. साध्या पत्राला अर्धा आणा पडे. निम्म्या खर्चात निरोप पोचू लागल्यावर व्यापाऱ्यांनी, नोकरदारांनी आणि शिकायला परगावी गेलेल्या मुलांनी कार्डं अफाट वापरली.

म्हणूनच व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेलं, सव्वाशे वर्षांहून जुनं पाव आण्याचं वापरलेलं कार्ड आजही संग्राहकांच्या बाजारात सर्वांत स्वस्त मालात मोडतं. ती लाखोंनी छापली गेली, लाखोंनी लिहिली गेली आणि लोकांनी ती जपूनही ठेवली.

कळमन्यात संत्र्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फळ कितीही गोड असो, त्या दिवशी गाड्यांची रांग लागली की भाव पडतो. आवक कमी आणि गिऱ्हाईक जास्त असेल, तर मध्यम मालही चढ्या भावाने जातो. आकार, ताजेपणा आणि डाग यांवरून प्रत ठरते, पण बोली कुठवर जाईल हे आवक आणि गिऱ्हाईक ठरवतात. पोस्टकार्डाचंही नेमकं असंच आहे. किती कार्डं टिकली आणि ती हवी असलेले लोक किती, हे दोन प्रश्न आधी, वय त्यानंतर.

२. आधी जात ओळखावी

गठ्ठा समोर आला की तो पहिल्यांदा दोन ढिगांत वाटावा. टपालखात्याने छापलेलं, तिकीट कार्डावरच छापलेलं असतं ते सरकारी कार्ड. एका बाजूला चित्र किंवा फोटो असतो आणि तिकीट वेगळं चिकटवलेलं असतं ते चित्रकार्ड. हे खासगी प्रकाशक, फोटोग्राफर आणि छापखाने काढत. दोन्हींचे संग्राहक वेगळे आणि त्यांचे निकषही वेगळे. सरकारी कार्डात छापाचे बारकावे, शिक्के आणि टपालाचा मार्ग पाहिला जातो. चित्रकार्डात चित्र काय, कुणी काढलं, कुणी छापलं, हे आधी पाहिलं जातं.

सरकारी कार्डांतलाच एक प्रकार जोडकार्डाचा. दोन कार्डं एकत्र येत, एकावर निरोप लिहायचा आणि दुसरं उत्तरासाठी कोरं पाठवायचं. उत्तर देणाऱ्याने आपला भाग तोडून पाठवणं हेच त्याचं काम होतं. त्यामुळे दोन्ही भाग अजून जोडलेले असतील, तर तसं कार्ड वेगळं काढून ठेवावं.

३. तारीख पुसली असेल तर

शिक्का स्पष्ट असेल तर प्रश्नच नाही. पण घाईत मारलेले शिक्के निम्मे उमटत. अशा वेळी कार्डच आपलं वय सांगतं.

छापील तिकिटावरचा चेहरा ही पहिली खूण. व्हिक्टोरियाचा काळ 1901 पर्यंत, सातव्या एडवर्डचा 1910 पर्यंत, पाचव्या जॉर्जचा 1936 पर्यंत, त्यानंतर सहावा जॉर्ज. सुरुवातीच्या कार्डांवर 'ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड' असं शीर्षक होतं. 1899 मध्ये त्यातला 'ईस्ट' गेला. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये त्रिमूर्तीचं चित्र असलेलं कार्ड आलं. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी सुरू झाली आणि किमतीत 'नये पैसे' हे शब्द आले. 1 जून 1964 पासून 'नये' हा शब्द वगळला गेला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कार्ड 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि टपालखात्यातले मराठी अधिकारी.

नागपूरकरांच्या हाती आणखी एक खूण आहे, जी पुण्या-मुंबईच्या कार्डांत सापडत नाही. या शहराने राज्यं बदलली. इंग्रजांच्या काळात पत्त्यात 'नागपूर, सी. पी.' असे. 1950 पासून नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, म्हणून 'नागपूर, म. प्र.'. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. एकाच दुकानाचा पत्ता पंधरा वर्षांत चार राज्यांत लिहिला गेलेला दिसू शकतो.

उदाहरण घेऊ. शिक्क्यातलं वर्ष वाचता येत नाही. छापील तिकिटावर 'नये पैसे' आहे, पत्त्यात 'नागपूर, मुंबई राज्य' लिहिलंय. पहिल्या खुणेवरून कार्ड एप्रिल 1957 च्या आधीचं नाही. दुसरीवरून मे 1960 च्या नंतरचं असण्याचा संभव कमी. म्हणजे तीन वर्षांची चौकट हाती आली. 'संभव कमी' असं म्हणायचं कारण माणसांची सवय. राज्य बदललं म्हणून खेड्यातल्या शेतकऱ्याने दुसऱ्याच दिवशी पत्ता बदलला असं होत नाही, 'सी. पी.' तर लोक पुढे कितीतरी वर्षं लिहीत राहिले. छापील खूण 'याच्या आधीचं नाही' हे पक्कं सांगते. हाताने लिहिलेली खूण फक्त अंदाज देते. किंमत ठरवताना हा फरक सोडू नये.

४. चित्रकार्ड: ताजमहाल नको, कामठी हवी

चित्रकार्डाचं वय पाठच्या बाजूवरून कळतं. सुरुवातीच्या काळात पत्त्याच्या बाजूला पत्त्याखेरीज काही लिहायला परवानगी नव्हती, म्हणून निरोप चित्राच्या कडेने, कधी आभाळावरच लिहिलेला दिसतो. पाठीमागे मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनने 1902 मध्ये दिली, अमेरिकेने 1907 मध्ये. पाठ अविभाजित असेल तर कार्ड बहुधा त्या पहिल्या काळातलं.

मग भिंग घ्यावं. चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं दिसलं तर ते छापखान्यातून निघालेलं. त्याच्या हजारो प्रती असू शकतात. ठिपके नसतील आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा सलग उतरत असतील, तर ते फोटोच्या कागदावर थेट काढलेलं असू शकतं. अशी फोटोकार्डं स्थानिक फोटोग्राफर मोजक्या संख्येने काढत. ठिपके न दिसणारी छपाईची एक जुनी पद्धतही होती, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये, पण पहिली चाळणी ही हीच.

आता चित्रात काय आहे ते पाहायचं. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस, राजाबाई टॉवर, आग्र्याचा ताजमहाल ही प्रवाशांची ठिकाणं. मुंबईच्या क्लिफ्टन आणि कंपनीसारख्या प्रकाशकांनी, लंडनच्या राफाएल टक कंपनीने अशा दृश्यांची कार्डं भरपूर काढली आणि जहाजाने आलेल्या पाहुण्यांनी ती जगभर पाठवली. ती सुंदर आहेत, पण मुबलक आहेत. याउलट कामठीची छावणी 1821 पासूनची; तिथल्या गोऱ्या शिपायांनी घरी पाठवलेली कार्डं विलायतेतल्या खोक्यांतून निघतात आणि त्यांच्यासाठी नागपूरचे संग्राहक आनंदाने जास्त मोजतात. सीताबर्डीचा किल्ला, महाराजबाग, अंबाझरी, 1877 मध्ये सुरू झालेली टाटांची एम्प्रेस मिल, इतवारीतला एखादा रस्ता, कापसाच्या बंड्या. गाव जितकं लहान आणि दृश्य जितकं रोजच्या व्यवहारातलं, तितकी त्या कार्डाची ओढ जास्त. कळमना हे तेव्हा शहराबाहेरचं खेडं. तिथलं जुनं फोटोकार्ड कुणाला सापडलं, तर त्याच्या तुलनेला दुसरं मिळणंच अवघड जाईल.

इमारतीही तारीख सांगतात. नागपूर रेल्वे स्टेशनच्या आजच्या दगडी इमारतीचं उद्घाटन 15 जानेवारी 1925 ला झालं. ती ज्या कार्डात दिसते ते '1910 चं दुर्मीळ कार्ड' म्हणून कुणी विकत असेल, तर तिथेच थांबावं.

चित्रकाराचं नाव हा वेगळा मामला. महादेव विश्वनाथ धुरंधर, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे नामवंत शिक्षक, यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या माणसांची, त्यांच्या पेहरावांची रंगीत कार्डं काढली. रविवर्मा प्रेसनेही आपली चित्रं कार्डांवर आणली. हा छापखाना 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या कार्डांना महाराष्ट्राबाहेरही गिऱ्हाईक आहे, कारण ती जमवणाऱ्यांत चित्रकलेचे लोकही असतात. मागणी दोन बाजूंनी आली की भाव चढतो. आणि जिथे भाव चढतो तिथे नव्या छपाईची नक्कल येते. धुरंधरांची सही चित्रात छापलेली आहे म्हणून ते कार्ड त्या काळचं ठरत नाही. कागदाचा पोत, पाठीची छपाई, शिक्का हे सगळं त्या काळाशी जुळलं पाहिजे.

५. शिक्का आणि मजकूर

चित्र नसलेलं, साधं पिवळट सरकारी कार्ड कंटाळवाणं वाटतं. नागपूरच्या गठ्ठ्यांत बहुतेक हीच निघतात आणि दडलेली किंमतही पुष्कळदा यांतच असते.

शिक्का कुठला, हे पाहावं. मोठ्या टपालघरांचे शिक्के सर्वत्र मिळतात, पण बंद पडलेल्या लहान टपालघरांचे, धावत्या गाडीत टपाल निवडणाऱ्या रेल्वे मेल सर्व्हिसचे, युद्धकाळात सेन्सॉरने मारलेले शिक्के शोधणारे लोक आहेत. विमानाच्या टपालात तर शिक्का हाच सगळा जीव. 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनातून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रं आणि कार्डं नेली. जगातलं पहिलं अधिकृत विमानटपाल म्हणून त्याची नोंद आहे. त्या दिवशीचा खास शिक्का असलेल्या कार्डाला मोल आहे. तेच कार्ड, तोच मजकूर, पण आदल्या दिवशीचा साधा शिक्का असता तर ते इतर कार्डांत मिसळून गेलं असतं.

नागपूरचा स्वतःचा अध्याय 30 जानेवारी 1949 ला सुरू झाला. त्या रात्रीपासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचा असा उपयोग या शहराचा क्वचितच झाला असेल. 12 डिसेंबर 1953 ला याच सेवेतलं डाकोटा विमान नागपूरहून उडताच कोसळलं आणि 13 जण गेले. अपघातातून वाचलेल्या टपालाचा संग्रह करणारी एक वेगळी शाखाच आहे. जुन्या गठ्ठ्यात रात्रीच्या हवाई टपालाच्या पहिल्या दिवसांची खूण असलेलं पाकीट किंवा कार्ड दिसलं तर ते जाणकाराला दाखवल्याखेरीज हातातून सोडू नये.

मजकुराची किंमत करणं त्याहून कठीण. मराठी घरांत शुभकार्याच्या पत्राला कोपऱ्यावर हळद-कुंकू लावत. निधनाची बातमी आलेलं कार्ड वाचून फाडून टाकत, ते घरात ठेवत नसत. त्यामुळे पहिल्या प्रकारची कार्डं सापडतात, दुसऱ्या प्रकारची फार थोडी. कुंकवाचा डाग पाहून कुणी ते खराब कार्ड म्हणून बाजूला टाकू नये; तो त्या कार्डाच्या आयुष्याचा भाग आहे. जुन्या कार्डांवर मोडी असते, मारवाडी पेढ्यांच्या कार्डांवर मुडिया लिपी. विकणाऱ्याला वाचता येत नाही म्हणून अशी कार्डं स्वस्तात जातात. मोडी वाचणारे अजून आहेत. चार ओळी वाचून घेतल्या तर ते साधं खुशालीचं पत्र आहे की प्लेगच्या साथीत गाव सोडल्याची हकीकत आहे, हे कळतं. दोन्हींचा भाव एक असूच शकत नाही.

अडत्यांच्या कार्डांकडे तर विशेष लक्ष द्यायला हवं. त्यांत मालाचे भाव असतात, रेल्वेभाडं असतं, पाऊस लांबल्याची तक्रार असते. संग्राहक आज त्याला फारसे पैसे देत नाही. पण एकाच पेढीची सलग वीस वर्षांची कार्डं एकत्र असतील, तर वऱ्हाड-नागपूरच्या शेतमालाचा तो अस्सल दस्तऐवज होतो. सुटं कार्ड दहा रुपयांचं, पण अखंड गठ्ठा अभ्यासकासाठी अमोल. म्हणून तो कधीही फोडून विकू नये.

आणि प्रसिद्ध माणसाचं हस्ताक्षर? गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले आणि तिथून त्यांनी असंख्य कार्डं लिहिली. कागद वाया जाऊ नये म्हणून ते कार्डाचा कोपरानकोपरा वापरत. विदर्भातल्या कार्यकर्त्यांच्या घरी अशी कार्डं निघणं अशक्य नाही. मात्र पुष्कळ पत्रं त्यांचे चिटणीस लिहीत आणि गांधीजी फक्त सही करत. काही पत्रं चिटणिसांच्याच सहीने जात. संपूर्ण स्वहस्ते लिहिलेलं, फक्त सही असलेलं आणि चिटणिसांनी पाठवलेलं, या तिघांच्या किमतीत फार मोठं अंतर आहे. इथे घरच्या आठवणीवर विसंबून चालत नाही. अक्षर ओळखणाऱ्या तज्ज्ञाचं मत लागतंच.

६. प्रत

तारेचं भोक हे पेढीवरच्या कार्डाचं कायमचं दुखणं. चित्रकार्डाला भोक असेल तर ते जवळजवळ बाद होतं. व्यापारी पत्रव्यवहाराच्या कार्डाला असेल तर खरेदीदार समजून घेतो. त्याहून वाईट म्हणजे कापलेलं तिकीट. शाळकरी मुलांनी तिकिटांच्या छंदापायी कितीतरी चांगली कार्डं अशी निकामी केली. चिकटपट्टी, लॅमिनेशन, बॉलपेनाने मागाहून लिहिलेलं 'आजोबांचं पत्र' यांतलं काहीही पुसून निघत नाही. घरी रबराने, ओल्या फडक्याने साफ करण्याचा मोह आवरावा. धूळ मऊ ब्रशने झाडली तरी पुरे. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत, गच्चीखालच्या खोलीत ठेवलेला कागद ठिसूळ होतो; कार्डं घरातल्या थंड, कोरड्या जागी, स्वच्छ कागदी पाकिटांत उभी ठेवावीत.

७. आकडा काढायचा कसा

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत गल्लत करू नये. संकेतस्थळावर कुणीही काहीही किंमत लावू शकतो. पाहायचा तो लिलाव संपल्यावरचा, खरोखर दिला गेलेला आकडा. तोही एकाच विक्रीचा नाही, निदान तीन-चार विक्रींचा, त्याच प्रकारच्या आणि त्याच प्रतीच्या कार्डाचा.

समजा, गठ्ठ्यात 300 कार्डं आहेत. हे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. पैकी 280 साधी, प्रत्येकी 5 रुपये, म्हणजे 1,400. बरे शिक्के किंवा मोडी मजकूर असलेली 18, प्रत्येकी 60, म्हणजे 1,080. आणि दोन चांगली फोटोकार्डं, प्रत्येकी 800, म्हणजे 1,600. एकूण 4,080 रुपये. यातले 2,680 रुपये फक्त 20 कार्डांत आहेत. व्यापारी सगळा गठ्ठा उचलताना यापेक्षा बराच कमी आकडा देईल, कारण 280 कार्डं विकायला त्याला वर्षं लागतील आणि ती जागा अडवतील. ती त्याची लबाडी नव्हे. पण घरच्यांना ती 20 कार्डं ओळखता आली नाहीत, तर तोटा त्यांचाच.

सर्वांत वरचा आकडा कुठवर जातो? थिओडोर हुक नावाच्या इंग्रज लेखकाने 1840 मध्ये टपाल कारकुनांची चेष्टा करणारं, हाताने रंगवलेलं कार्ड स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलं होतं. त्यावर पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं टपाल तिकीट होतं. सरकारी पोस्टकार्ड जन्मायच्या 29 वर्षं आधीचं हे कार्ड 2002 मध्ये लंडनच्या लिलावात 31,750 पौंडांना गेलं. त्याची जोड दुसरी नाही, आणि पोस्टकार्डवाले, तिकीटवाले, टपाल-इतिहासवाले असे सगळे गिऱ्हाईक एकाच वेळी बोलीला उभे होते. आपल्या गठ्ठ्यातल्या कार्डाची त्याच्याशी तुलना करण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

परदेशी ग्राहक चांगली रक्कम देतो म्हणून कार्ड सरळ पाठवून देऊ नये. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोल असलेलं हस्तलिखित वा दस्तऐवज 75 वर्षांहून जुना असेल, तर तो पुरावशेष ठरतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर विकता येत नाही. थोर व्यक्तींच्या पत्रांबाबत हा नियम विसरणं महागात पडेल.

ज्यांच्या घरी असा गठ्ठा निघेल त्यांनी तो सोडवण्याआधी आहे त्या क्रमाने दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, तिकिटं कापू नयेत आणि निदान दोन जाणकारांना दाखवल्याशिवाय विकू नये. रद्दीचा भाव पुढच्या महिन्यातही मिळेल.